पक्ष्यांच्या शिटेतला जिवाणू: जीनोम वाचून त्याचं नाव कसं ठरवायचं

दिवाळी सरली की जायकवाडी धरणाच्या नाथसागराच्या फुगवट्यावर पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदकं उतरू लागतात. पाणी ओसरलेल्या गाळपेऱ्यात हे थवे चरतात आणि त्याच काठावर गावातली गुरं, शेळ्या, कोंबड्याही फिरतात. या पाहुण्यांच्या आतड्यात कोणते जिवाणू आहेत, ते गुराढोरांतल्या आणि माणसातल्या जिवाणूंचे भाऊबंद आहेत की वेगळ्याच प्रजातीचे, हा प्रश्न मराठवाड्यातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या आणि पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अगदी दाराशी आहे. ऑटोक्लेव्ह, इनक्युबेटर, डीप फ्रीजर आणि बरं इंटरनेट असलेल्या महाविद्यालयात हे काम, म्हणजे जिवाणू वाढवून त्याचा जीनोम (अख्खा डीएनए) वाचायची तयारी, होऊ शकतं. सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनएतली अक्षरं (बेस) वाचणारं, यंत्र स्वतःकडे असायची गरज नाही, शुद्ध डीएनए कुरिअरने पाठवता येतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. जिवाणूला चुकीचं नाव लागतं तेव्हा दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. चूक काठावर नमुना घेताना किंवा प्लेटवर कॉलनी (जिवाणूंचा ठिपक्याएवढा पुंजका) उचलताना झालेली असते आणि संगणक ती फक्त पुढे नेतो. म्हणून इथे सिक्वेन्सिंगच्या आधीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

परवानगी, आणि मेलेले पक्षी

जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्यात अभ्यासासाठी जायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगी लागते. मोर तर या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात काम करायचं असेल तर आणखी काटेकोर राहा. अर्ज वनविभागाच्या कार्यालयामार्फत हंगामाच्या निदान तीन-चार महिने आधी द्या. पक्षी न पकडता फक्त जमिनीवरची शीट उचलणार, हे अर्जात स्पष्ट लिहा. पक्ष्याला हात न लावता होणारं काम पक्ष्यासाठीही बरं आणि परवानगीसाठीही.

काठावर मेलेला किंवा मान वाकडी करून बसलेला पक्षी दिसला तर त्या दिवशी नमुने घ्यायचे नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या, जानेवारी २०२५ मध्ये उदगीरमध्ये कावळे. अशा पक्ष्याला शिवू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि वनविभागाला कळवा. बर्ड फ्लूचं निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतं, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते करायचं नाही. एरवीसुद्धा हातमोजे आणि एन-९५ मास्क लागतोच. वाळलेल्या शिटेची धूळ नाकात गेली तर सिटॅकोसिसचा जंतू फुप्फुसापर्यंत पोहोचू शकतो. पक्षी घरट्यावर असतील तेव्हा वसाहतीच्या आत शिरू नका. पालक उडाले की पिल्लं उन्हात उघडी पडतात.

नमुना

वेळ सकाळची, सूर्य उगवल्यापासून साधारण नऊपर्यंत. थवा रात्रभर एका जागी बसलेला असतो, शीट ओली असते आणि ऊन तापलेलं नसतं. हिवाळ्यातही मराठवाड्यात दहानंतर उघड्या खडकावरची शीट भराभर सुकते. सुकलेल्या शिटेतून ई. कोलाय कदाचित मिळेल, पण कॅम्पिलोबॅक्टर (पक्ष्यांच्या आतड्यात राहणारा, माणसाला जुलाब लावणारा जिवाणू) मिळत नाही. तो कोरडेपणाने आणि हवेतल्या ऑक्सिजनने मरतो.

एकाच जातीचा थवा निवडा. दुर्बिणीतून आधी निदान १५ मिनिटं बघा, थव्यात दुसरे कोण मिसळलेत ते टिपा, मग थवा आपसूक उठेपर्यंत थांबा. वारकरी पक्षी आणि बदकं एकाच चिखलात बसली असतील तर कोणती शीट कोणाची हे नजरेने सांगता येत नाही. अशा वेळी शिटेचा एक तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवा. नंतर त्यातल्या पक्ष्याच्या डीएनएमधला सीओ-वन जनुकाचा भाग वाचून यजमान ठरवता येतो. हा तुकडा ठेवला नाही आणि वहीत अंदाजाने ‘चक्रवाक’ लिहिलं, तर पुढचा सगळा निष्कर्ष त्या अंदाजावर उभा राहतो.

दोन नमुन्यांत चार-पाच मीटर अंतर ठेवा, म्हणजे एकाच पक्ष्याची शीट दोनदा येण्याची शक्यता कमी होते. थव्यामागे किती नमुने घ्यायचे याचा हिशेब सोपा आहे. एखादा जिवाणू दहा टक्के पक्ष्यांत असेल, तर तो किमान एकदा तरी सापडेल याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास २९ नमुने लागतात. पाच नमुने घेऊन ‘या थव्यात साल्मोनेला नाही’ असं म्हणता येत नाही.

शिटेचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल, तो सोडा. त्यात जिवाणू कमी असतात आणि पुढे पीसीआरला अडथळाही होतो. तपकिरी-हिरव्या भागाच्या पोटातून, वरच्या बाजूने स्वॅब फिरवा. जमिनीला टेकलेला थर घेऊ नका. गाळपेऱ्याच्या मातीत गुरांचं शेण मिसळलेलं असतं, आणि खालचा थर घेतला तर पट्टकादंबाच्या नावावर बैलाचा ई. कोलाय जमा होतो. काठावरून परतताना शेजारच्या कोऱ्या मातीचे दोन स्वॅब घ्या आणि तेही नमुन्यांसारखेच पुढे चालवा. मातीत आणि शिटेत तोच स्ट्रेन (प्रजातीतला नेमका वाण) निघाला तर तो पक्ष्याचा म्हणायच्या आधी थांबावं लागेल.

स्वॅब कोळसा घातलेल्या एमिस किंवा कॅरी-ब्लेअर या वाटेत जिवाणू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात खुपसा. बर्फाच्या पेटीत चार अंशांच्या आसपास ठेवा, पण नळी थेट बर्फाला लागू देऊ नका, मध्ये कापडाची किंवा पुठ्ठ्याची घडी असू द्या. कॅम्पिलोबॅक्टर हवा असेल तर २४ तासांच्या आत प्लेटवर. पैठणहून संभाजीनगरला दुपारपर्यंत पोहोचता येतं. नांदेड-लातूरला न्यायचं असेल तर त्याच संध्याकाळी प्लेट लावायची तयारी आधीच करून ठेवा. नळीवर नुसता क्रमांक, वहीत त्या क्रमांकासमोर पक्षी, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश. मोबाईलच्या जीपीएसवरून आकडे तिथल्या तिथे लिहा. घरी येऊन नकाशावर बोट ठेवून शोधलेली जागा चुकते.

प्लेट

कोणता जिवाणू शोधायचा त्यावर माध्यम ठरतं. ई. कोलायसाठी मॅकॉन्की आगर, ३७ अंश, १८ ते २४ तास. साल्मोनेलासाठी आधी बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये ३७ अंशांना १८ तास, त्यातलं ०.१ मिली १० मिली रॅपापोर्ट-व्हॅसिलियाडिसमध्ये ४१.५ अंशांना २४ तास, मग एक्सएलडी आगरवर. पहिली पायरी गाळायचा मोह होतो, पण उन्हाने आणि थंडीने खिळखिळ्या झालेल्या पेशी थेट त्या कडक माध्यमात मरतात.

कॅम्पिलोबॅक्टर मागणीखोर आहे. त्याला ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ८५ टक्के नायट्रोजन अशी हवा लागते. बंद जारमध्ये मायक्रोएरोबिक गॅसची पुडी टाकली की ती मिळते. मेणबत्तीच्या जारमध्ये ऑक्सिजन याहून बराच जास्त उरतो. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीसारखे दणकट त्यात कधीकधी वाढतात, पण जंगली पक्ष्यांतले नाजूक भाऊबंद हातचे जातात. जार ४८ तास उघडू नका, आणि उघडलाच तर पुडी नवी टाका.

एमसीसीडीए हे नेहमीचं निवडक (इतर जिवाणूंना दाबणारं) माध्यम आणि ४२ अंश हे नेहमीचं तापमान कोंबडीतल्या कॅम्पिलोबॅक्टरसाठी बसवलेलं आहे. जंगली पक्ष्यांत काही प्रजाती ४२ अंशांना किंवा सेफोपेराझोन या प्रतिजैविकासमोर टिकत नाहीत. म्हणून समांतर दुसरी पद्धतही चालवा. रक्त आगरच्या प्लेटवर ०.४५ किंवा ०.६५ मायक्रॉनचा सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा ठेवा, त्यावर शिटेच्या द्रावणाचे काही थेंब टाका, अर्ध्या तासाने पडदा उचला आणि प्लेट ३७ अंशांना ठेवा. कॅम्पिलोबॅक्टर बारीक आणि चपळ असल्याने पडद्यातून खाली उतरतो, बाकीचे बहुतेक वरच राहतात. आधीपासून ओळखीचे जिवाणू मिळवायचे असतील तर निवडक माध्यम पुरेसं आहे. नवं काही सापडावं अशी इच्छा असेल तर पडद्याची पद्धत टाळू नका.

एमसीसीडीएचा आणखी एक धोका. ईएसबीएल हे प्रतिजैविकं मोडणारं विकर बनवणारा ई. कोलाय सेफोपेराझोन मोडून टाकतो आणि त्या प्लेटवर मजेत वाढतो. कचरा डेपोवर चरणाऱ्या घारी आणि ढोरबगळ्यांच्या नमुन्यांत हे विशेष लक्षात ठेवा. प्लेटवर राखाडी, पसरट, ओलसर कॉलनी आणि तिच्याखाली दुसऱ्याच जिवाणूचा थर, असं अनेकदा होतं.

मॅकॉन्कीवर गुलाबी कॉलनी म्हणजे ई. कोलाय आणि फिक्या म्हणजे टाकाऊ, अशी सवय लागलेली असते. पक्ष्यांच्या कामात ती सोडावी लागते. एशेरिकिया आल्बर्टी ही २००३ मध्ये वर्णन झालेली प्रजाती पक्ष्यांत आढळते, फिंच पक्ष्यांमध्ये तिने मृत्यू घडवले आहेत आणि माणसातही ती जुलाब घडवते. ती बहुधा लॅक्टोज आंबवत नाही, म्हणून तिची कॉलनी फिकी असते. प्रत्येक प्लेटवरून गुलाबी दोन आणि फिक्या दोन कॉलनी उचलायचा नियम करा.

आता ज्या पायरीवर बहुतेक जीनोम बिघडतात ती पायरी. उचललेली कॉलनी निवडक नसलेल्या ताज्या आगरवर स्ट्रीक करा (तारेने रेघा ओढत पसरा), एकटी कॉलनी घ्या, पुन्हा स्ट्रीक करा, आणि पुन्हा एकदा. तीन वेळा. निवडक माध्यम दुसऱ्या जिवाणूला नेहमी मारत नाही, नुसतं दाबून ठेवतं. तो कॉलनीच्या तळाशी जिवंत असतो आणि साध्या माध्यमात गेला की उठून बसतो. तिसऱ्या प्लेटवर दोन आकाराच्या कॉलनी दिसल्या तर दोन्ही वेगळ्या करा आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करा. शुद्ध झाल्यावर २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना दोन नळ्या ठेवा, शक्य असेल तर दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये. उन्हाळ्यात वीज गेली की एका फ्रीजरवर वर्षभराचं काम टांगलेलं नसावं.

डीएनए

ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे ग्रॅम-निगेटिव्ह, त्यांची भिंत पातळ. साध्या किटने डीएनए निघतो. एन्टेरोकोकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्हला आधी लायसोझाइम २० मिलीग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांना अर्धा तास द्यावा लागतो. स्टॅफिलोकोकसला लायसोझाइम पुरत नाही, त्याला लायसोस्टॅफिन लागतं. आरएनए मोडणारं आरएनेझ विसरू नका.

डीएनए मोजायला फक्त नॅनोड्रॉप वापरला तर उरलेला आरएनएही डीएनए म्हणून मोजला जातो. १०० नॅनोग्रॅम दिसतात आणि प्रत्यक्षात २० असतात. प्रमाण क्यूबिटने मोजा, शुद्धता नॅनोड्रॉपने बघा. २६०/२८० चं गुणोत्तर १.८ ते २ आणि २६०/२३० चं २ च्या आसपास हवं. दुसरं गुणोत्तर १ च्या खाली असेल तर किटमधलं मीठ उरलंय, धुण्याची पायरी पुन्हा करा. शेवटी ०.८ टक्के ॲगरोजवर चालवून बघा. वर एकच ठळक पट्टा दिसला पाहिजे. खालपर्यंत पसरलेला धूर म्हणजे डीएनए तुटला आहे. छोट्या तुकड्यांच्या सिक्वेन्सिंगला तो कसाबसा चालेल, लांब तुकड्यांच्या नाही.

प्रत्येक खेपेला एक रिकामी नळी, म्हणजे जिवाणूशिवाय फक्त किटची द्रावणं, सगळ्या पायऱ्यांतून न्या. एक ज्ञात स्ट्रेनही न्या. बऱ्याच प्रयोगशाळांत ई. कोलायचा २५९२२ क्रमांकाचा एटीसीसी स्ट्रेन नियंत्रणासाठी असतो. तो सिक्वेन्स टाइप (सात ठरावीक जनुकांवरून पडणारा गट) ७३ आहे. चक्रवाकाच्या नमुन्यातून अचानक ७३ निघाला तर आनंद करण्याआधी त्या नियंत्रण नळीशी ताडून बघा.

किती वाचायचं, कशावर

दीडशे-दीडशे बेसच्या जोड्या वाचणारं इल्युमिनाचं यंत्र प्रजाती ठरवायला पुरेसं आहे. जीनोम सरासरी १०० वेळा वाचला जावा असं ठरवा. ५० वेळांच्या खाली जाऊ नका. ई. कोलायचा जीनोम सुमारे ५० लाख बेसचा, शंभर पट म्हणजे ५० कोटी बेस. एका जोडीत ३०० बेस, म्हणजे सुमारे १६ लाख ७० हजार जोड्या. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सुमारे १७ लाखांचा, त्याला ५ लाख ७० हजार जोड्या पुरतात. सेवा देणारी कंपनी सगळ्या नमुन्यांना सरसकट सारखा डेटा देते, तेव्हा हा हिशेब हातात असेल तर त्याच पैशात कॅम्पिलोबॅक्टरचे तिप्पट नमुने बसवून मागता येतात.

नॅनोपोअर लांब तुकडे वाचतं, प्लास्मिडसकट (डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यांसकट) जीनोमचं पूर्ण वर्तुळ मिळू शकतं. लायगेशन किटला नमुन्यामागे सुमारे १ मायक्रोग्रॅम लांब, न तुटलेला डीएनए लागतो. नुसत्या नॅनोपोअरवरून प्रजातीचं नाव निर्धास्त ठरवता येतं, कारण इथे शेकडा एका-दोनाचा फरक बघायचा असतो. पण दोन स्ट्रेन किती जवळचे हे शेकडो जनुकांवरून मोजायचं असेल तर एकेका बेसची चूकही महाग पडते. एकाच बेसच्या लांब ओळींत आणि मिथायलेशन असलेल्या जागी या चुका जास्त होतात. त्यासाठी इल्युमिनाचा डेटा सोबत घ्या.

कच्च्या डेटापासून जुळणीपर्यंत

मोठा संगणक नसेल तर गॅलॅक्सी ही मोफत सेवा ब्राउझरमधून वापरता येते, खालची बहुतेक साधनं तिथे आहेत. स्वतःच्या संगणकावर करायचं तर १६ जीबी मेमरी आणि लिनक्स हवं.

फास्टक्यूसीने डेटा बघा, फास्टपीने ॲडॅप्टर आणि खराब टोकं कापा, ५० बेसपेक्षा आखूड उरलेले तुकडे टाका. मग स्पेड्सने जुळणी करा, म्हणजे वाचलेले तुकडे एकमेकांना जोडून जीनोम उभा करा, त्यातला ‘आयसोलेट’ हा पर्याय निवडून. वाचन दीडशे-दोनशे पटींच्या वर गेलं असेल तर आधी निम्मं करा. जास्त डेटा म्हणजे चांगली जुळणी असं नसतं. चुका त्याच प्रमाणात वाढतात आणि जुळणी उलट तुटक होते. निकालातून ५०० बेसच्या खालचे काँटिग (जोडून तयार झालेले सलग तुकडे) काढून टाका. ५,३८६ बेसचा एक काँटिग दिसला तर तो बहुधा फाय-एक्स विषाणूचा असतो. इल्युमिनाच्या यंत्रात तपासणीसाठी तोच टाकतात, त्याला प्लास्मिड समजू नका.

आता तपासणी. इथे घाई केली की मागचं सगळं वाया जातं. क्वास्टने जीनोमचा एकूण आकार आणि जीसीचं (‘जी’ आणि ‘सी’ या बेसचं) प्रमाण काढा. ई. कोलाय ४५ ते ५५ लाख बेस आणि जीसी ५०.५ ते ५१ टक्के. साल्मोनेला ४७ ते ५० लाख आणि ५२. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी १६ ते १८ लाख आणि ३० ते ३१. एन्टेरोकोकस फीकॅलिस २७ ते ३३ लाख आणि ३७ ते ३८. समजा कॅम्पिलोबॅक्टर म्हणून पाठवलेल्या नमुन्याचा जीनोम ६७ लाखांचा आला. ५० अधिक १७. एमसीसीडीएवरचा तो ई. कोलाय थेट इथपर्यंत पोहोचला आहे. काँटिगच्या जीसीचा आलेख काढला तर ३० आणि ५१ वर दोन उंचवटे दिसतील. अशा वेळी संगणकावर दोन्ही वेगळे करत बसण्यापेक्षा ग्लिसरॉलची नळी काढून पुन्हा स्ट्रीक करा. निवडून वेगळा केलेला अर्धा जीनोम विश्वासाचा राहत नाही.

चेकएम-२ ने पूर्णता ९५ टक्क्यांच्या वर आणि भेसळ ५ टक्क्यांच्या खाली आहे का बघा. शुद्ध कॉलनीची भेसळ खरं तर १-२ टक्क्यांच्या आत असायला हवी, ४ आली तर ती नियमात बसते म्हणून सोडू नका. क्रॅकन-२ ने कच्च्या वाचनांत (यंत्राने वाचलेल्या तुकड्यांत) दुसऱ्या जीनसचे (प्रजातींच्या गटाचे) तुकडे किती ते दिसतं. मुख्य जीनोम ८० पट वाचला गेलाय आणि काही काँटिग फक्त २-३ पट, तर ते शेजारच्या नमुन्यातून बारकोडच्या गल्लतीने आलेले असतात. ते वगळा.

एकाच प्रजातीचे दोन स्ट्रेन मिसळले असतील तर आकार, जीसी, चेकएम सगळं ठीक दिसू शकतं. ते पकडायचे तर वाचनं परत जुळणीवर बसवून बघा. शुद्ध जिवाणूत प्रत्येक जागी एकच बेस असतो. शेकडो जागी ६० टक्के वाचनं ‘ए’ आणि ४० टक्के ‘जी’ म्हणत असतील तर प्लेटवर दोघे होते.

नाव

१६एस या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकावरून नाव ठरवायची पद्धत जुनी आणि स्वस्त, पण ती जीनस सांगते, प्रजाती बहुधा नाही. ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य असेल तर प्रजाती वेगळी, हे ठामपणे म्हणता येतं. वर असेल तर काहीच ठरत नाही. ई. कोलाय आणि आल्बर्टी, किंवा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि कॅम्पिलोबॅक्टर कोलाय, ही मंडळी १६एसमध्ये जवळजवळ सारखी दिसतात.

प्रजाती ठरते ती अख्ख्या जीनोमच्या सरासरी न्यूक्लिओटाइड साम्यावर, म्हणजे एएनआयवर. ९५ ते ९६ टक्के ही सीमारेषा. तिच्यावर तीच प्रजाती, खाली वेगळी. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि कॅम्पिलोबॅक्टर कोलाय यांच्यात एएनआय ८५ च्या थोडा पुढे, ई. कोलाय आणि आल्बर्टी यांच्यात ९० च्या आसपास. १६एसने न दिसलेली दरी इथे लख्ख दिसते.

तुलना कोणाशी करता यावर सगळं आहे. एएनआय मोजणाऱ्या फास्टएएनआयला प्रत्येक प्रजातीच्या टाइप स्ट्रेनचा (ज्याच्यावर प्रजातीचं नाव बांधलेलं असतं त्या अधिकृत स्ट्रेनचा) जीनोम द्या, डेटाबेसमधला त्या नावाचा कुठलाही जीनोम नव्हे. सार्वजनिक डेटाबेसमध्ये चुकीची नावं लागलेले जीनोम आहेत, आणि ई. कोलायच्या नावाने जमा झालेले आल्बर्टी हे त्याचं जुनं उदाहरण. ८० टक्क्यांच्या बऱ्याच खाली साम्य असलं की फास्टएएनआय काहीच उत्तर देत नाही. रिकामी फाइल म्हणजे बिघाड नव्हे, तुम्ही चुकीच्या जीनसशी तुलना करताय. आकड्यासोबत किती भाग जुळला तेही बघा. ९६ टक्के साम्य पण जीनोमचा फक्त एक तृतीयांश भाग जुळलेला, अशा निकालावर नाव लावू नका.

एएनआय ९४ ते ९६ च्या पट्ट्यात अडकला तर दुसरा साक्षीदार बोलवा. जर्मनीतल्या डीएसएमझेड संस्थेच्या टीवायजीएस या मोफत सेवेवर जीनोम चढवला की जवळचे टाइप स्ट्रेन ती स्वतः शोधते आणि डिजिटल डीएनए-डीएनए संकरणाचा, म्हणजे दोन जीनोमच्या साम्याचा आणखी एक, आकडा देते. तिथे ७० टक्के ही रेषा. तीन सूत्रांपैकी दुसरं, डी-४, घ्या. जीनोम तुकड्यांत असला तरी ते ढळत नाही. शेजारी दिलेला विश्वासांतर ७० च्या दोन्ही बाजूंना पसरला असेल तर ‘प्रजाती अनिश्चित’ असंच लिहा. तसं लिहिण्यात कमीपणा नाही.

जीटीडीबी-टीके अख्ख्या जीवाणूसृष्टीच्या वृक्षावर तुमचा जीनोम बसवून देतं, पण त्याला भरपूर मेमरी लागते, साध्या लॅपटॉपवर ते चालत नाही. त्याच्या निकालात ‘कॅम्पिलोबॅक्टर_डी जेजुनी’ अशी अक्षरं चिकटलेली नावं येतात. ही नवी प्रजाती नव्हे. तो त्या डेटाबेसचा आतला हिशेब आहे. प्रबंधात लिहिताना मान्य नाव लिहा.

प्रजातीच्या आत

नाव मिळालं तरी पक्ष्यांचा प्रश्न उरतोच. हा जेजुनी कोंबडीचा की जंगलातला? इथे सात जनुकांवरचा एमएलएसटी कामी येतो. कॅम्पिलोबॅक्टरसाठी पबएमएलएसटीवर, ई. कोलाय आणि साल्मोनेलासाठी एन्टेरोबेस या संकेतस्थळावर जीनोम द्या, सिक्वेन्स टाइप (एसटी) मिळतो. एसटी-२१ आणि एसटी-४५ हे समूह कोंबडी, गुरं, माणूस, पक्षी सगळीकडे आढळतात, त्यामुळे ते सापडल्यावर उगम सांगता येत नाही. उलट एसटी-१७७ आणि एसटी-६८२ युरोपातल्या स्टार्लिंग पक्ष्यांशी बांधलेले आहेत. मराठवाड्यातल्या ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या त्याच कुळातल्या, म्हणून त्यांच्या नमुन्यांत हे टाइप शोधण्यासारखे आहेत.

सातही जनुकं पूर्ण मिळाली पण त्यांच्या ॲलीलचा (जनुकाच्या रूपांचा) संच नवा असेल, तर तो नवा सिक्वेन्स टाइप. जंगली पक्ष्यांत असं वारंवार होतं. नव्या क्रमांकासाठी अर्ज करण्याआधी त्या जागचं वाचन निदान ३० पट आहे आणि एकाच बेसवर एकमत आहे, हे तपासा. एखाद्या जनुकाचे दोन ॲलील दिसले तर नवा टाइप नव्हे, मिसळलेली प्लेट.

पक्ष्यातला आणि शेजारच्या गोठ्यातला स्ट्रेन एकच आहे का, हे सात जनुकांवरून सांगता येत नाही. त्यासाठी हजारभर किंवा अधिक जनुकांचा सीजीएमएलएसटी लागतो. आणि तो जुळला तरी पक्ष्याकडून गाईला गेला की गाईकडून पक्ष्याला, हे एका दिवसाच्या नमुन्यांवरून कळत नाही. ‘स्थलांतरित पक्ष्यांनी रोग आणला’ असं वाक्य अशा डेटावर लिहू नका. काठावरच्या गावात त्याचा परिणाम पक्ष्यांना भोगावा लागतो.

खरोखरच नवी प्रजाती निघाली तर

सगळ्या टाइप स्ट्रेनशी एएनआय ९५ च्या खाली, संकरण ७० च्या खाली, आणि भेसळ नाही याची दोनदा खात्री. मग ग्लिसरॉलच्या नळीतून नव्याने वाढवून डीएनए काढा आणि परत वाचा. दोन्ही वेळचा जीनोम एकच यायला हवा. नाव अधिकृत व्हायला जिवंत स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. आपल्याकडे पुण्यातलं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंडीगडचं एमटीसीसी हे संग्रह आहेत. परदेशी संग्रहात पाठवण्याआधी जैवविविधता कायदा, २००२ खाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण करावी लागते, आणि तिला वेळ लागतो. शोधनिबंध लिहायला घेतला त्याच आठवड्यात हा अर्ज टाका.

जुनी प्रजाती निघाली तरी कच्चा डेटा जमा करा. फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात किंवा अमेरिकेतल्या एनसीबीआयच्या एसआरए या डेटासाठ्यात तो ठेवता येतो. फॉर्ममध्ये यजमानाच्या रकान्यात ‘पक्षी’ किंवा ‘बदक’ लिहू नका, शास्त्रीय नाव लिहा. नमुन्याच्या रकान्यात ‘जमिनीवरून उचललेली शीट’ असं स्पष्ट लिहा. तारीख पूर्ण, ठिकाण अक्षांश-रेखांशासह. यजमान ठरवायला सीओ-वन वाचलं की फक्त दुर्बिणीतून पाहिलं, तेही शेऱ्यात टाका.